जुन्या लढाऊ विमानांचे चॉक आणि पार्किंग ब्रेक: सिम्युलेटरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यातली आम्ही काही मंडळी रात्रीची जेवणं उरकली की संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर, मस्टँग नाहीतर मेसरश्मिट ही दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं घेऊन बसतो. नवीन येणाऱ्याला डॉगफाइटच्या शंका असतील असं वाटतं, पण त्याचा पहिला प्रश्न असतो, "दादा, विमान उभंच राहत नाही, काय करू?" तीच तीच उत्तरं व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून हे एका जागी लिहून ठेवलंय. लिहिलेलं सगळं पंख्याच्या जुन्या विमानांबद्दल आहे. एअरबसवाल्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

पार्किंग ब्रेक आहे की. मग चॉक, म्हणजे चाकाला अडवणारे ठोकळे, कशाला लावायचे?

कारखान्याच्या वाटेवर चढाला थांबलेली उसाची ट्रॉली बघा. ड्रायव्हर ब्रेकवर पाय देऊन बसलेला असतो, तरी खाली उतरलेला माणूस आधी चाकामागं दगड सारतो. ब्रेक हवेवर नाहीतर तेलावर चालतो आणि हवा-तेल दोन्ही गळतं. दगड गळत नाही.

स्पिटफायरचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ही हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद झालं की भर थांबते, आणि टाकीत उरलेली हवा सांध्यासांध्यातून हळूहळू निसटत राहते. संध्याकाळी घट्ट लागलेला ब्रेक सकाळी तसाच असेल याची खात्री नाही. मस्टँगचे ब्रेक तेलाचे, पण त्यातही भानगड आहे. लँडिंगनंतर ब्रेकच्या चकत्या तापलेल्या असताना पार्किंग ब्रेक लावून ठेवला तर त्या एकमेकींना चिकटून बसू शकतात. म्हणून खऱ्या तळावर विमान थांबलं की मेकॅनिक आधी चॉक लावत आणि मग पायलट ब्रेक सोडून देई.

त्याहून जुन्या, पहिल्या महायुद्धातल्या विमानांना तर ब्रेक नावाची वस्तूच नव्हती. सॉपविथ कॅमलला चाकांचे ब्रेक नाहीत, मागं चाकाऐवजी लाकडी घसरपट्टी. त्यात रोटरी इंजिन, ज्याचा वेग आजच्या थ्रॉटलसारखा सहज कमी-जास्त होत नाही; पायलट इग्निशनचं बटण दाबून-सोडून काम भागवायचा. अशा विमानाला सुरू करताना धरून ठेवणार काय? चाकापुढचे दोन लाकडी ठोकळे आणि शेपटीला लटकलेली माणसं. ठोकळ्यांना दोरी बांधलेली असायची, म्हणजे फिरत्या पंख्याजवळ न जाता बाजूनं ओढून काढता येत.

थोडक्यात, उभं राहायला आणि इंजिन सुरू करायला चॉक. ब्रेक चालत्या विमानासाठी. हे डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

मेसरश्मिट १०९ मध्ये पार्किंग ब्रेकचं बटण सापडतच नाही. माझं मॉड्यूल (सिम्युलेटरमधलं विमान) बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. १०९ ला पार्किंग ब्रेक नव्हताच. रडरच्या (शेपटीवरच्या दिशा बदलणाऱ्या पात्याच्या) पेडलवर पंजानं दाबायचे ब्रेक आहेत, पाय काढला की ब्रेक सुटला. फोके-वुल्फ १९० चंही तसंच. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये ही दोन्ही विमानं उभी ठेवायची तर ग्राउंड क्रूकडून चॉक मागवा किंवा पाय दाबून बसा.

१९० मध्ये स्टिक (विमान चालवायचा दांडा) पोटाशी ओढली की शेपटीचं चाक लॉक होतं आणि विमान सरळ राहतं. पण त्यानं विमान थांबत नाही. नवीन मंडळी शेपटीच्या लॉकला पार्किंग ब्रेक समजतात आणि मग शेजारच्या हँगरमध्ये घुसतात. १०९ च्या के-४ या आवृत्तीत शेपटीच्या लॉकसाठी वेगळा लिव्हर आहे. त्याचाही थांबण्याशी संबंध नाही.

स्पिटफायरचा ब्रेक असा विचित्र का? एक लिव्हर, आणि वळताना पेडल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा निवांत सांगतो.

स्पिटफायरच्या स्टिकच्या टोकाला गोल कडं आहे. त्या कड्याला सायकलच्या ब्रेकसारखा एक लिव्हर आहे. लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना सारखी हवा जाते. डावं पेडल पुढं दाबलं की उजव्या चाकाची हवा कमी होते, डावं चाक जास्त धरतं आणि विमान डावीकडे वळतं. म्हणजे किती ब्रेक ते हात ठरवतो, कुठल्या चाकाला ते पाय ठरवतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पॅनेलवरच्या ब्रेकच्या गेजवर झूम करा. त्यात तीन आकडे दिसतात: टाकीतला दाब आणि डाव्या-उजव्या ब्रेकचा दाब. विमान चॉकवर उभं करा, पेडल मध्ये ठेवून लिव्हर दाबा. दोन्ही ब्रेकचे काटे जोडीनं वर चढतील. आता लिव्हर तसाच धरून डावं पेडल सावकाश पुढं न्या. उजवा काटा उतरायला लागेल. शेवटपर्यंत दाबलं की तो तळाला जाईल. लिव्हर सोडलात की दोन्ही खाली. पाच मिनिटं एवढंच करत बसा. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) गोल गोल का फिरत होतो ते त्यात कळेल.

दुसरी गोष्ट टाकीच्या काट्याची. प्रत्येक वेळी लिव्हर दाबून सोडला की थोडी हवा बाहेर जाते. याच हवेवर फ्लॅप चालतात, बंदुकाही चालतात. कॉम्प्रेसर भर घालत असतो, पण इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) असताना त्याची गती कमी असते. टॅक्सीवेभर लिव्हर चापत गेलात तर रनवेच्या तोंडाशी काटा उतरलेला सापडेल. तेव्हा लिव्हर दाबून धरून पायानं वळवण्यापेक्षा आधी पाय मारा आणि मग लिव्हरला छोटासा दाब द्या, लगेच सोडा.

पार्किंगसाठी लिव्हरच्या मुळाशी एक छोटा खटका आहे. लिव्हर दाबून खटका अडकवला की तो दाबलेलाच राहतो. तोच या विमानाचा पार्किंग ब्रेक. दोन मिनिटं थांबायला ठीक, जेवायला उठायचं असेल तर चॉक.

मॉस्किटोतही तत्त्व हेच आहे, फक्त इंजिन दोन, आणि दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात. म्हणून तिथं ब्रेकपेक्षा थ्रॉटलच्या फरकानं वळवणं सोपं पडतं.

मस्टँगचं पार्किंग ब्रेकचं हँडल ओढतो, पण परत आत जातं. का?

नुसतं हँडल ओढून ब्रेक लागत नाही, कारण पेडलनं तयार केलेला तेलाचा दाब कोंडून ठेवणं एवढंच त्याचं काम. दोन्ही पेडल पंजानं पूर्ण दाबा. हँडल ओढा. हँडल ओढलेलं असतानाच पेडल सोडा, मग हँडल सोडा. काढायचा असेल तेव्हा पेडल पुन्हा दाबा, आपोआप सुटतो. थंडरबोल्टलाही पार्किंगचं हँडल आणि पंजाचे ब्रेक असा जोड आहे.

मस्टँगमध्ये शेपटीच्या चाकाची गंमत लक्षात ठेवा. स्टिक मध्यापासून मागं असेल तर ते चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना फक्त ६ अंश वळतं. स्टिक पुढं ढकलली की मोकळं होऊन कुठंही फिरतं. जागच्या जागी वळायचं असेल तर आधी स्टिक पुढं. नुसते ब्रेक मारून वळवायचा हट्ट केला तर विमान अडून बसतं.

डीसीएसमध्ये चॉक नेमके कसे मागवायचे?

विमान पूर्ण थांबवा. बॅकस्लॅश दाबून मेनू उघडा, एफ८ नं ग्राउंड क्रू निवडा, त्यात चाकांच्या चॉकचा पर्याय आहे, तिथं लावा किंवा काढा. क्रूकडून उत्तरच आलं नाही तर कॅनॉपी उघडून पुन्हा विचारा. तरी काही नाही, तर तुम्ही अजून किंचित सरकताय. बाहेरच्या कॅमेऱ्यातून चाक बघा.

एमएसएफएस (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर), एक्स-प्लेन, जुना एफएसएक्स, आयएल-२ या सिम्युलेटरांत ब्रेक आणि चॉक कसे?

एमएसएफएसमध्ये पार्किंग ब्रेक मुळात कंट्रोल आणि नमपॅडच्या डिलीटवर असतो. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवाल्यांनी तो आधी दुसरीकडे हलवावा, नाहीतर रडायची वेळ येते. २०२४ च्या आवृत्तीत खाली उतरून विमानाभोवती फिरता येतं, चॉक आणि कव्हरं हातानं काढता येतात. एफएसएक्समध्ये कंट्रोल आणि पूर्णविराम. एक्स-प्लेनमध्ये बी.

या तिन्ही कुळांत पार्किंग ब्रेक म्हणजे सगळ्या विमानांना लागू होणारा एक सामाईक आदेश. त्यामुळं खऱ्या विमानात जो ब्रेक नव्हता तोही कधी कधी बटणावर लागतो. चांगली पैसे देऊन घेतलेली ॲड-ऑन विमानं स्वतःचे चॉक देतात, बहुधा कॉकपिटमधल्या टॅबलेटवर किंवा छोट्या खिडकीत. विमान हलत नसेल तर थ्रॉटल वाढवण्याआधी तिथं बघा.

आयएल-२ च्या १९४६ मध्ये आणि क्लिफ्स ऑफ डोव्हरमध्ये चॉकला स्वतंत्र की नेमता येते. १९४६ मध्ये विमानवाहू जहाजाच्या डेकवर ती की फार उपयोगी. तिथं नेमलेली नसेल तर इंजिन गरम होईपर्यंत जहाजाबरोबर विमानही डुलत पुढं सरकतं.

ब्रेक लावलेला असूनही विमान मुंगीच्या पावलानं सरकतं. हे कसं काय?

सिम्युलेटरला चाक आणि जमीन यांच्यातलं घर्षण गणितानं काढावं लागतं. धावत्या चाकाचं गणित सोपं, कारण चाक किती घसरतंय त्यावरून बल निघतं. चाक पूर्ण थांबलं की घसरण शून्य, आणि त्या सूत्रानं बलही शून्य. मग थोडं सरक, बल मिळव, थांब, पुन्हा सरक असा खेळ चालतो. उभ्या विमानासाठी प्रोग्रामरला वेगळी युक्ती लावावी लागते आणि ती प्रत्येक ठिकाणी सारखी जमलेली नसते. फ्रेमरेट पडला, वारा जास्त ठेवला किंवा पार्किंगची जागा उताराची निघाली की उघडी पडते. चॉक लावल्यावर बरीच ॲड-ऑन हा हिशेबच बाजूला ठेवून चाक जखडून टाकतात, म्हणून तिथं विमान ढिम्म राहतं.

आधी मिशनमधला वारा शून्य करून बघा. मग आयडल आरपीएम तपासा, थ्रॉटलची ॲक्सिस (लिव्हर किती सरकला ते सांगणारा सिग्नल) पूर्ण शून्याला येत नसेल तर इंजिन उगाच ओढत असतं.

ब्रेक कायमचा लागलेलाच राहतो. फुल थ्रॉटल दिला तरी विमान हलत नाही.

शंभरातल्या नव्वद वेळा ॲक्सिस उलटी असते. बऱ्याच पेडलच्या ब्रेकचा सिग्नल असा येतो की पाय काढलेला असताना सिम्युलेटरला ब्रेक पूर्ण दाबलेला दिसतो. सेटिंगमध्ये ती ॲक्सिस इन्व्हर्ट करा. दुसरं कारण डीसीएसमधलं: नवीन जॉयस्टिक जोडली की तो स्वतःहूनच ॲक्सिस वाटून मोकळा होतो, आणि एकच काम दोन उपकरणांना मिळतं. ॲक्सिसच्या यादीत नको ते सगळं पुसा. यूएसबीचं पोर्ट बदललं तरी हे परत तपासा.

पेडल नाहीत, फक्त ट्विस्टवाली जॉयस्टिक आहे. जमेल का?

स्पिटफायर आणि मॉस्किटो उलट जास्त चांगले जमतील, कारण त्यांना एकच ब्रेक ॲक्सिस लागते. जॉयस्टिकच्या बुडाचा स्लायडर ब्रेकला द्या आणि दिशा ट्विस्टवर. फक्त डीसीएसमधल्या डब्ल्यू कीवर अवलंबून राहू नका. ती की म्हणजे एकदम पूर्ण ब्रेक. वेगात दाबली की स्पिटफायर नाकावर उभं राहतं आणि पंखा जमिनीत. मस्टँग किंवा १०९ ला डाव्या-उजव्या ब्रेकसाठी दोन बटणं ठेवा आणि टकटक करत वापरा.

पेडल घ्यायचेच ठरले तर नवीन महाग पडतात, जुने मिळाले तर बघा. फरशीवर ते पुढं पळतात, ही तक्रार सगळ्यांची. पेडल आणि भिंत यांच्यामध्ये नेमक्या मापाचा लाकडी ठोकळा बसवा. आमच्यातल्या एकानं मिरजेच्या एमआयडीसीत लोखंडी चौकट वेल्ड करून घेतली आणि खुर्चीचे पायच तिला जोडले. भक्कम आहे, पण आता ती खोली झाडायला कुणी तयार नाही.

चॉक लावलेत, म्हणजे आता फुल पॉवर देऊन इंजिन तपासू?

नको. चॉक चाक अडवतो, शेपटी अडवत नाही. स्पिटफायर मार्क नऊचं वजन सुमारे ३.४ टन आणि त्याच्या मर्लिन ६६ इंजिनची ताकद १,७०० अश्वशक्तीच्या आसपास. चाकं पुढं अडलेली, पंखा पुढं ओढतोय, चाकांमागं वजन थोडंच. शेपटी उचलली गेली की नाकावर. स्टिक पोटाशी धरा आणि मॅग्नेटोची (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) तपासणी विमानाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमवरच करा. मस्टँगला ती २,३०० वर होते.

खऱ्या तळांवर जास्त पॉवरच्या तपासणीला शेपटीवर माणसं बसवत. फेब्रुवारी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या हिबाल्डस्टो तळावर मार्गारेट हॉर्टन ही महिला मेकॅनिक अशीच स्पिटफायरच्या शेपटीवर बसली होती. ती उतरायच्या आत पायलटनं टेक-ऑफ केला. विमानाची शेपटी जड का लागतेय हे त्याला कळेना. त्यानं एक चक्कर मारून विमान सुखरूप खाली आणलं आणि हॉर्टनबाईही वाचल्या. ते विमान, एबी ९१०, ब्रिटनच्या स्मृती-उड्डाण पथकाकडे आहे. सिम्युलेटरमध्ये शेपटीवर बसायला कुणी मिळत नाही, म्हणून पॉवर बेतानं.

चॉक काढायला विसरलो तर?

वरचं उत्तर वाचा.

ऑनलाइन सर्व्हरवर ग्रुपमध्ये उडताना काही शिस्त?

आमच्याकडे साधी रीत आहे. सगळ्यांची इंजिनं चॉकवर सुरू होतात. लीडरनं सांगेपर्यंत कुणी चॉक काढत नाही, कारण एकजण आधी सुटला की तो ब्रेकवर उभा राहतो, हवा घालवतो आणि मर्लिन तापवतो. व्हीआर (डोळ्यांवरचा आभासी चष्मा) वापरणारे हातानंही खूण करतात: दोन्ही हात चेहऱ्यासमोर एकमेकांवरून, तळवे बाहेर, आणि मग बाजूला फेकायचे म्हणजे चॉक काढा. हात बाहेरून आत आणून चेहऱ्यासमोर एकावर एक घेतले की चॉक लावा. खऱ्या विमानतळावर पायलट हीच खूण करतो. बाकीचे जण डिस्कॉर्डवर नुसतं "काढ रे" म्हणतात, तेही चालतं.

भारतीय वायुदलाच्या विमानांत यातलं काय लागू होतं?

बरंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या स्क्वाड्रननी हरिकेन आणि स्पिटफायर उडवली, म्हणजे हवेचा ब्रेक आणि कड्यावरचा लिव्हर आपल्या पायलटांच्या हातात होताच. दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन आणि टेम्पेस्ट बघायला मिळतात. गेलात तर नुसतं नाक बघून येऊ नका, वाकून चाकं बघा.

ज्या टायगर मॉथवर त्या काळचे पायलट शिकले, त्याला मूळ रूपात चाकांचे ब्रेकच नव्हते, आणि पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करायचं. चॉक न लावता असं इंजिन सुरू करणं म्हणजे विमानाला एकटं फिरायला पाठवणं. सिम्युलेटरमध्ये मॉथ घेतलात तर ब्रेकची की शोधत बसू नका. चॉक काढल्यावर आयडल, गवताचं मैदान आणि वाऱ्याकडे तोंड, एवढंच हातात असतं.

जेटवाल्यांसाठी एक: मिग-२१ मध्येही स्टिकवर लिव्हर आणि दिशा पेडलनं, हीच रचना. १९६३ पासून २०२५ पर्यंत आपल्याकडे राहिलेलं, नाशिकच्या ओझरला बनलेलं विमान. स्पिटफायरवर हात बसला असेल तर डीसीएसचं मिग टॅक्सी करताना ओळखीचं वाटतं.

कराडच्या धावपट्टीवरून स्पिटफायर उडवता येईल का? कवलापूर?

सिम्युलेटरमध्ये कोण अडवतंय? कराड करा, कोल्हापूर करा. कवलापूरची जुनी पट्टी तयार विमानतळ म्हणून यादीत सापडली नाही तर स्लू (विमान हवं तिथं सरकवायची सोय) किंवा मिशन एडिटरनं विमान तिथं ठेवता येतं. फक्त सॅटेलाइट चित्रावरून उभारलेल्या जागी जमीन वरखाली असते, विमान ठेवताक्षणी घरंगळायला लागतं. ठेवल्या ठेवल्या चॉक लावा, मग इंजिनकडे बघा. आणि टेक-ऑफला मर्लिनवाली स्पिटफायर डावीकडे ओढते, उजवं पेडल तयार ठेवा. ग्रिफन इंजिनवाली उजवीकडे. दोन्ही एकाच रात्री उडवणार असाल तर आधी कुठलीत बसलाय ते बघून घ्या.

मध्येच लाईट गेली तर?

यूपीएस घ्या. चॉकवर असताना गेली तर चहा घ्या.